घरातली सहा तोंडं आणि एक पायमशीन

२७ मार्च २०२०

दुकान बंद. परवा पाडव्याला गुढी उभारली आणि त्याच दिवशी कोरोनामुळे देशभर टाळं लागलं. मोटार वाइंडिंगचा, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरण्याचा धंदा असा, की मोटार आली तर काम, नाही तर माश्या मारा. आता गिऱ्हाइकाला घराबाहेर पडायचीच चोरी.

घरात सुट्टी नाही ती एकट्या बायकोला. ती आशा वर्कर. पुण्या-मुंबईहून गावात कोण परतलं, हातावर विलगीकरणाचा शिक्का आहे का, ताप-खोकला आहे का, हे घरोघरी विचारून रजिस्टरात लिहायचं. तोंडाला उन्हाचा स्कार्फ. बोलता बोलता तो नाकावरून उतरतो, ती हाताने वर ओढते. त्याच हातात पेन, त्याच हाताने लोकांच्या दाराची कडी. तालुक्याला मेडिकलवर विचारलं तर मास्क नाहीत. सरकारने २१ तारखेला भाव बांधून दिले, तीन पदरी १० रुपये, दोन पदरी ८ रुपये. भाव बांधला की माल गायब. खताच्या हंगामात हे आम्ही दरवर्षी पाहतो.

तेव्हा घरीच शिवायचे असं ठरलं. आईची पायमशीन आहे, जुनं कापड आहे, वेळ तर वाटेल तेवढा. शिवणकाम तेवढं येत नाही. कॉइल दोऱ्याने आवळून बांधता येते, सुई मात्र बटणापुरतीच हातात धरलेली.

मशीनवर कित्येक वर्षं टीव्ही बसला होता. तो उतरवून धान्याच्या कोठीवर ठेवला. बाबा म्हणाले, "आता बातम्या काय मान वर करून पाहू?" चार दिवस पाहा म्हटलं.

२८ मार्च

मशीन जाम. चाक हाताने हलत नव्हतं. आई सांगते, ती खोबरेल घालायची. खोबरेल थंडीत थिजतं, जुनं झालं की चिकटतं, आणि त्यात कापडाची फस, म्हणजे बारीक तंतू बसले की शटलभोवती, खालचा दोरा अडकवणाऱ्या भागाभोवती, नुसता डिंक. शटल खोलून रॉकेलमध्ये टाकलं. कापड पुढे सरकवणारे दाते असतात त्यांच्यावरची पत्र्याची पट्टी दोन स्क्रूंवर निघते. ती काढली तर खाली फशीचा जाड थर, त्यात एक टाचणी आणि एक टिकली. टूथब्रशने सगळं खरवडलं. पंख्याच्या बुशसाठी आणलेलं पातळ तेल दुकानात होतं, तेच थेंब थेंब सोडलं.

चामड्याचा पट्टा ढिला. पायटा हलतो, चाक जागेवर. पट्टा अर्धा इंच कापून पुन्हा पिन मारली. इथवरचं काम माझ्या ओळखीचं होतं.

३० मार्च

टाका वरून सरळ दिसतो आणि खाली दोऱ्याचा नुसता गुंता. खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून पुन्हा भरली, तिच्या केसचा स्क्रू आवळून पाहिला, ढिला करून पाहिला. फरक नाही.

शेजारचे शिंपीकाका कुंपणापलीकडून पाहत होते. इकडे येत नाहीत, अंतर पाळतात. म्हणाले, "गुंता खाली हाय ना? मंग खराबी वर हाय. खालचं कायले खोलतं गा?"

म्हणणं खरं निघालं. वरचा दोरा दोन तबकड्यांच्या मधून जातो, त्याच त्याला ताण देतात. सुईजवळचा दाबाचा पाय खाली टेकलेला असला तर तबकड्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात शिरतच नाही, वरच्या वर निघून जातो. ताण नसलेला दोरा मग खाली लोंबतो. पाय उचलून दोरा ओवला आणि खालचा टाका सरळ झाला.

सराव पोरीच्या दोनरेघी वहीच्या पानांवर. दोरा न घालता, जुन्या बोथट सुईने, रेघेवरून भोकं पाडत जायचं. कडेला पोचलं की सुई कागदात रुतवून ठेवायची, पाय उचलायचा, कागद वळवायचा. पायमशीनची खरी अडचण पायातच आहे. चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो. आधी हाताने चाक आपल्याकडे फिरवायचं आणि मग पायाने तीच चाल धरायची. पोरगी चौथीत आहे, तिच्या पायाला ती चाल माझ्या आधी सापडली. पाय पोचत नाहीत पुरते, तरी.

२ एप्रिल

रामनवमी. गावात सामसूम.

कापडाची निवड. घरातलं सगळं जुनं बाहेर काढून एकेक उन्हात डोळ्यांसमोर धरलं. आजोबांचं धोतर मऊ आहे, पण आरपार सूर्य दिसतो. आईचं जुनं सुती लुगडं त्याहून घट्ट, धुऊन धुऊन पीळ बसलेलं. चादर सगळ्यांत घट्ट, पण चौपदरी केली तर श्वास ओढताना नाकाला चिकटते. पोरीचा जुना गणवेश टेरिकॉटचा. घाम शोषत नाही, सुईखाली घसरतो. बाजूला ठेवला.

ठरलं ते असं: बाहेरून लुगडं, आतून पांढरी चादर. दोन्ही बाजूंचे रंग वेगळेच हवेत, हे बायकोचं म्हणणं. एकदा काढून ठेवलेला मास्क पुन्हा घालताना कोणती बाजू तोंडाकडे होती हे रंगावरून कळलं पाहिजे. आत पांढरं, म्हणजे मळलेलंही दिसतं.

४ एप्रिल

आरोग्य मंत्रालयाने आता लोकांनी घरी केलेले मास्क वापरावेत असं सांगितलं आहे. बायकोच्या ग्रुपवर सरकारी पुस्तिका आली. मोठ्यांसाठी कापड ९ इंच बाय ७ इंच, मुलांसाठी ७ बाय ५. कापड आधी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळायचं आणि कडक वाळवायचं. दुपदरी शंभर टक्के सुती कापड सर्जिकल मास्कच्या साधारण ७० टक्के काम करतं, असंही त्यात आहे.

उकळण्याचा एक फायदा पुस्तिकेत लिहिलेला नाही. चादरीचं कापड नवं असेल तर आटतं, लुगडं आता आटत नाही. न उकळता दोन्ही एकत्र शिवली तर पहिल्याच धुण्यात आतलं कापड ओढलं जाऊन मास्क वाकडा होणार.

पहिला मास्क संध्याकाळी झाला. चुण्यांचं गणित लिहून ठेवतो. अर्ध्या इंचाची चुणी एक इंच कापड खाते. तीन चुण्या म्हणजे तीन इंच. ७ इंचातून खालीवर पाव-पाव इंच शिलाईत गेलं, उरले साडेसहा, चुण्या घातल्यावर कडेला साडेतीन. चुण्यांची तोंडं खाली हवीत, वर ठेवली तर त्यात धूळ साचते. आपल्याकडे एप्रिलात धुळीची काय कमी.

चुण्या दुमडल्या तिथे कापडाचे सहा थर होतात, त्यावर बंद लावायचा की आणखी. १४ नंबरची सुई तिथे अडते आणि मोडते. तेवढ्या जागेवर पाय सोडून चाक हाताने फिरवायचं, टाका टाका करत.

बंदांचा प्रश्न मात्र दुकानातल्या फळीवर सुटला. वाइंडिंगमध्ये कॉइल बांधायला पांढरी सुती टेप लागते, पाऊण इंच रुंद. रीळच्या रीळ पडून आहेत. कडा विणलेल्या असतात, दुमडायची गरज नाही, उकळली तरी सुटत नाही.

६ एप्रिल

काल रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावले, सगळ्या आळीने. दिवे शेवटी विझवायचेच होते, तर मास्क लावून फुंकायला सांगितलं. वीतभर अंतरावरून. पोरीला विझवता आला नाही. बाबांना आला. पण त्यांचा मास्क नाकाशेजारी फाकलेला होता आणि हवा कापडातून न येता कडेने येत होती. पणतीची ज्योत तिरपी झाली त्यावरून दिसलं.

९ एप्रिल

कडेच्या फटीचं काम. तीन दिवस याच्याच मागे आहे.

मोटारीचा स्थिर भाग स्टेटर आणि फिरणारा भाग रोटर, यांच्यामधली गॅप एका बाजूला वाढली की मोटार कितीही चांगल्या तारेने भरा, ती तापणार. मास्कचंही तसंच. चार पदर लावून नाकाशेजारी बोटभर फट ठेवली तर हवा फटीतूनच जाते, तिला पदरांतून जायचं कारणच नाही. जिकडेतिकडे किती पदरी हवा याची चर्चा चालू आहे, आणि ते ऐकून आमच्याकडेही एकाने पाच पदरी मास्क केला. तो नाकाखाली ठेवून फिरतो, कारण श्वासच घेता येत नाही. माझ्या मते दोन पदर पुरे, पण बसला पाहिजे. आणि बसलेला राहिला पाहिजे.

नाकावर वाकवायला तार हवी. बांधकामाची बाइंडिंग तार एका धुण्यात गंजली, कापडावर तांबूस रेघ उठली. साधी इनॅमलची तांब्याची तार गंजत नाही, पण बारीक गेजची आकार धरत नाही. मग सबमर्सिबल पंपाच्या तारेचे तुकडे आठवले. ती मोटार पाण्यातच चालते, म्हणून तिच्या तांब्यावर प्लास्टिकचं वेष्टण असतं. पाणी, साबण, उकळणं, कशाचंच काही वाटत नाही. जाड तारेचा चार इंची तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकं पकडीने वळवून बंद करायची म्हणजे टोचत नाहीत. वरच्या कडेला कापड अर्धा इंच दुमडून बोगदा शिवायचा, तार आत सारायची, दोन्हीकडे आडवा टाका. आडवा टाका नसला तर तार धुण्यात एका कोपऱ्यात जाऊन बसते.

बाबांच्या चष्म्यावर वाफ यायची, ती तार चिमटीने दाबून बसवल्यावर पुष्कळ कमी झाली. चष्मा मास्कच्या वरच्या कडेवर ठेवायचा, खाली नाही.

१० एप्रिल

दुसरी गोष्ट बायकोमुळे कळली. ती घरून निघते तेव्हा मास्क ठीक बसलेला असतो, चौथ्या-पाचव्या घरापर्यंत नाकाखाली. दिवसभर तिचं काम बोलण्याचंच. जबडा खाली गेला की तो मास्कला खाली ओढतो, तोंड मिटलं की मास्क वर जात नाही.

माप आम्ही तोंड मिटून घेत होतो. आता "आ" करून घ्यायचं. नाकाच्या हाडापासून, नाकाच्या शेंड्यावरून, उघड्या तोंडावरून हनुवटीच्या खालपर्यंत. त्यात अर्धा इंच शिलाईचा मिळवायचा. बायकोचं साडेसहा आलं, म्हणजे ७ इंच कापड बरोबर, पण खालची चुणी पूर्ण उघडून हनुवटीखाली गेली पाहिजे. बाबांचं साडेसात भरलं. त्यांना ८ उंची आणि रुंदी १०. पुस्तिकेतलं माप मधल्या चेहऱ्याचं आहे, ते सगळ्यांना कसं चालणार?

तपासणीसाठी पोरीने पाढे सुचवले. मास्क बांधून एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायचा. दोनशे नव्वदपर्यंत मास्क नाकावर टिकला तर पास. बायको पास झाली. मी पाढ्यातच अडकलो, मास्क जागेवर होता.

१४ एप्रिल

जयंती यंदा घराघरांत. बुद्धविहारात गर्दी नाही, लोकांनी आपापल्या ओसरीवर मेणबत्त्या लावल्या. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली.

इलास्टिक कुठेच नाही. पोरीला मानेमागे लांब बंद नकोत, खेळताना कशात अडकले तर गळ्याला फास. कानाचेच हवेत. माझ्या जुन्या बनियनच्या आडव्या पट्ट्या कापल्या, पाऊण इंची. ताणली की पट्टी आपोआप गुंडाळून दोरी होते, आणि ताणतेही. कानाला काचत नाही. चार-पाच धुण्यांत सैल पडते, मग गाठ मागे घ्यायची.

धाकटा साडेतीन वर्षांचा. त्याला बहिणीसारखाच पाहिजे म्हणून एक शिवला. तो हा मास्क लाकडी बैलाच्या तोंडाला बांधून ठेवतो. दोन वर्षांखालच्या लेकराला तर मास्क लावूच नये असं बायकोच्या प्रशिक्षणात सांगितलं आहे. हा त्याहून मोठा, पण याला बाहेर न नेणं सोपं.

१८ एप्रिल

बाबा. यांच्यावर वेगळी वही करावी लागेल.

पहिला युक्तिवाद शेल्याचा. "जनम गेला शेला बांधून. उन्हात बांधला, धुंधाट्यात बांधला. आता थे तुह्यं चिंधूक बांधू?" शेला सुती आहे, चौपदरी घडी केली तर कापड म्हणून वाईट नाही, हे मी मान्य केलं. पण शेला सुटतो, आणि तो पुन्हा गुंडाळताना कोणती बाजू तोंडाला होती ते कोण लक्षात ठेवतो?

दुसरी आणि खरी अडचण खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण. पानठेले बंद आहेत. तरी बाबांना खर्रा कुठून मिळतो हे घरात कोणी विचारत नाही. तोंडात खर्रा म्हणजे थुंकणं आलं, थुंकणं म्हणजे मास्क खाली ओढणं आलं, आणि आता रस्त्यावर थुंकलं तर दंड आहे. बायको म्हणाली, "बाबा, बाहेर जाताना खर्रा नाही. मास्क वरून बांधला की घरी येईपर्यंत सोडायचा नाही." बाबांनी मान डोलावली.

आज संध्याकाळी धुवायला मास्क काढला. आतलं पांढरं कापड, अगदी ओठांच्या जागेवर, एक वाटोळा कत्थी डाग. चुन्याची पांढरी कडही होती त्याला. आईने तो हातात धरून बाबांपुढे केला, तोंडाने काही बोलली नाही. बाबा कोठीवरच्या टीव्हीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आतूनबी रंगीत लाव न मंग."

आत पांढरंच राहणार.

२६ एप्रिल

अक्षय तृतीया. घागर भरली, पुरणाचा नैवेद्य घरातल्यांपुरताच.

आईचा मास्क आज झाला. जुन्या दागिन्यांच्या ओझ्याने तिच्या कानाच्या पाळ्या ओघळल्या आहेत, कानाचे बंद चालतच नाहीत. डोक्यावर पदर, मागे अंबाडा. वरचा बंद अंबाड्याच्या वरून आणि खालचा मानेवर, दोन्ही पदराच्या आतून. काढताना आधी खालचा सोडायचा, मग वरचा, म्हणजे मास्क तोंडावरून पुढे पडतो आणि बाहेरच्या बाजूला हात लागत नाही. तिला अंधारातही बांधता येतो. आयुष्यभर पाठीमागे हात करून गाठी मारल्या आहेत तिने. मला अजून आरसा लागतो.

मास्क शिवताना मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस दिसतो. आमचा तीन एकरांतला, होळीच्या आधीपासून पडलेला. सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची खरेदी टाळेबंदीत थांबली. लांब धाग्याचा हमीभाव ५,५५० रुपये क्विंटल, व्यापारी त्याच्या बऱ्याच खाली मागतो. आता नोंदणी करा, नंबर लागला की फोन येईल म्हणतात. घरात कापसाची गंजी आणि मास्कसाठी मी आजोबांची धोतरं चाळतोय. पुलगावची कापड गिरणी चालू असती तरी आमचा कापूस आम्हाला कापड होऊन थोडाच मिळाला असता, पण गाडीभर अंतरावर कापड विणलं जायचं ही गोष्ट खरी होती. कापसात अंग घासलं की खाज सुटते, पोरांना तिकडे खेळू देत नाही.

११ मे

वर्धा जिल्ह्यात आजवर रुग्ण नव्हता. नागपुरात होते, यवतमाळात होते, मधोमध आम्ही कोरडे. काल आर्वी तालुक्यात पहिला सापडला. सकाळपासून बायकोचा फोन वाजतोय. लोक अचानक कुंपणावरून मास्क मागू लागले. शिंपीकाकांकडे ग्रामपंचायतीचं काम आहे, बचत गटाच्या बायकाही शिवत आहेत, त्यांच्याकडे पाठवतो. माझा वेग दुकानदारीचा नाही.

धुण्याची पद्धत आता अशी बसली आहे. बायको आली की दारातच मास्क काढून साबणाच्या गरम पाण्याच्या पातेल्यात टाकते, मग हात, मग आंघोळ, मग घर. घरच्यांना दोन-दोन मास्क, तिला जास्त. कोणाचा कोणता हे कळावं म्हणून कोपऱ्यात रंगीत दोऱ्याची गाठ: बाबा हिरवी, आई लाल, बायको पिवळी, पोरगी निळी, माझी काळी. बाबांनी एकदा आईचा बांधला होता, तेव्हापासून.

२७ मे

ऊन. काल अकोला, नागपूरकडे पारा ४७ पर्यंत गेला, आमच्याकडे काही कमी नव्हता. त्यात वरुड-मोर्शी आणि काटोलकडे टोळधाड उतरली. लोक डबे वाजवत शेतात. आपल्याकडे येते की काय म्हणून दोन रात्री झोप नाही.

मास्कचं म्हणाल तर घाम. अकरा वाजेपर्यंत बायकोचा मास्क ओलाचिंब, आणि ओल्या कापडातून श्वास ओढणं म्हणजे छातीवर दगड. ओला झाला की बदलायचा, दुसरा इलाज नाही. त्यासाठी दोन थैल्या शिवल्या, नाडी ओढून बंद होणाऱ्या. पोरीने एकीवर मार्करने "धुतलेले" आणि दुसरीवर "वापरलेले" लिहिलं. थैल्या मास्कपेक्षा सरळ शिवल्या गेल्या. सरळ रेघेत चुण्या नसतात.

लुगड्याचे मास्क उन्हात बरे पडतात, चादरीचे नको होतात. तिच्यासाठी आता दोन्हीकडे लुगडंच, आतलं फिकट किनारीजवळचं. पण लुगडं संपत आलं. आईच्या पेटीत आणखी एक आहे, ते तिने स्वतः काढून दिल्याशिवाय मागणार नाही.

९ जून

मृग लागला. काल दुपारी मातीचा वास आला आणि रात्री चांगला धो धो पडला.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ तारखेला कापडी मास्कबद्दल नवीन सांगितलं. तीन थर: आत घाम शोषणारं सुती, बाहेर पाणी न शोषणारं पॉलिस्टरसारखं, मध्ये न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन. नाव मोठं आहे, माल घरात आहे. साडीच्या दुकानातून बस्ता बांधला की जी कापडासारखी दिसणारी पिशवी मिळते, बारीक ठिपके दाबलेली, तीच. लग्नसराईच्या पिशव्या गादीखाली घडी करून ठेवलेल्या असतात सगळ्यांच्या.

बाहेरच्या थराला पोरीचा टेरिकॉटचा गणवेश काढला, एप्रिलात बाजूला ठेवलेला. आता पावसात त्याचा न शोषण्याचा गुण कामाचा. तो सुईखाली घसरतो, म्हणून तिन्ही थर आधी कडेने हाताने धावदोऱ्याचे टाके घालून बांधले, मग मशीन. पिशवीचा थर छापील बाजूचा घेऊ नये, रंग सुटतो. आणि इस्त्री! चुण्या बसवायला इस्त्री फिरवली की आतली पिशवी वितळून आकसते. चुण्या इस्त्रीने न बसवता टाचण्यांनी धरायच्या.

श्वास? दोन पदरीपेक्षा थोडा जड, चार पदरी चादरीपेक्षा पुष्कळ हलका. बायको पावसात दोन वाड्या फिरून आली, आतला थर फक्त घामाने ओला होता.

बाबांना हा आवडला. बाहेरून खाकी दिसतो म्हणून.

१७ जून

पेरणीची धांदल. कापूस अखेर गेला, नंबर लागला. खोली रिकामी झाली तिथे मशीन हलवली, खिडकीचा उजेड चांगला आहे. टीव्ही कोठीवरच राहू द्या म्हणाले बाबा, झोपून पाहता येतो.

दुकानात दोन जळक्या मोटारी आल्या. तार नागपूरहून येऊ लागली, सुती टेप मात्र यायची आहे. आहे ती मोटारींना लागेल. मास्कच्या बंदांसाठी चादरीच्या तिरप्या पट्ट्या कापून पाहिल्या. तिरप्या कापल्या की कापड थोडं ताणतं आणि वळणावर फुगत नाही, पण शिवायला वेळ दुप्पट. सरळ पट्ट्या चार वेळा दुमडून केल्या, चालतात.

पावसाने वाळणं बंद. चुलीवरच्या दांडीला टांगले तर धुराचा वास लागतो. टेरिकॉटचा थर लवकर सुकतो, आतला सुती दिवसभर गार राहतो. त्यामुळे दोन-दोन आता पुरत नाहीत, तीन-तीन करावे लागतील.

शेजारच्या गावची आशाताई बायकोजवळ तसाच तीन थरांचा मागून राहिली. तिचा चेहरा रुंद, हनुवटी लहान, नाकाचं हाड खाली. बायकोच्या मापाचा तिला होणार नाही. प्रत्यक्ष जाऊन माप घेण्याची ही वेळ नव्हे. तोंड "आ" करून नाकाच्या हाडापासून हनुवटीखालपर्यंत दोरा धरा, दोन्ही टोकांना गाठ मारा. दुसरा दोरा एका कानासमोरून दुसऱ्या कानासमोर, नाकावरून. दोन्ही दोरे पाकिटात घालून उद्या आरोग्य उपकेंद्रावर द्या, असा निरोप पाठवला आहे.